कव्हर स्टोरी

तळवड्याच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत जॉइन होताना मी एनडीए साइन केला होता. म्हणजे कंपनीतलं बाहेर कुणाला सांगायचं नाही. सात महिन्यांपूर्वी प्रोजेक्ट संपला आणि मला नारळ मिळाला. त्या दिवशी मी दुसरा एनडीए केला, स्वतःशीच. बाबांना सांगायचं नाही!

वाटतं तेवढं हे सोपं नसतं हं. घरमालकीण काकू आमच्या गावाकडच्या. त्यामुळे रोज साडेआठला डबा, सॅक आणि गळ्यात आयडी कार्डाची दोरी. कार्ड कंपनीने परत घेतलं, दोरी माझ्याकडेच राहिली. मग दिवसभर निगडीतल्या एका अभ्यासिकेत बसून फ्रीलान्स आर्टिकल्स. रात्री नऊला बाबांचा फोन.

‘‘काय म्हणतंय ऑफिस?’’

‘‘मस्त!’’

सात महिन्यांत मी एक बॉस, दोन प्रोजेक्ट आणि एक झक्कास अप्रेझल मनानेच तयार केलं.

मध्यंतरी वीकेंड पुरवणीसाठी सिंहगडावर लिहायचं होतं. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही वगैरे. त्यासाठी वाचताना भलतंच हाती लागलं. दुसऱ्या महायुद्धात सिंहगड-खडकवासल्याच्या परिसरात ब्रिटिशांची हेरांची शाळा होती! १९४० मध्ये स्थापन झालेल्या ‘एसओई’ या गुप्त संघटनेचं ‘ईस्टर्न वॉरफेअर स्कूल’. जपानने जिंकलेल्या मुलखात लपूनछपून लढायचं ट्रेनिंग इथे मिळायचं. संघटनेची ही पूर्वेकडची शाखा पुढे ‘फोर्स १३६’ म्हणून ओळखली गेली. गंमत म्हणजे त्याच तलावाच्या काठी आज खरीखुरी एनडीए आहे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी.

इथे शिकलेल्यांपैकी एक होता लिम बो सेंग, सिंगापूरचा व्यापारी. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडायच्या थोडं आधी तो बायको आणि मुलांना मागे ठेवून निसटला. नोव्हेंबर १९४३ मध्ये पाणबुडीतून मलायात उतरला. नाव बदललं, टान चून लिम. कारण खरं नाव कळलं असतं तर जपान्यांनी घरच्यांना गाठलं असतं. इपोह शहरात या मंडळींनी आडोसा म्हणून चक्क दुकान थाटलं होतं. मार्च १९४४ मध्ये लिम पकडला गेला. छळ झाला, पण त्याने साथीदारांची नावं सांगितली नाहीत. २९ जून १९४४ रोजी तो तुरुंगातच गेला. वय ३५. घरच्यांची पुन्हा भेट झालीच नाही. युद्ध संपल्यावर त्याला सिंगापुरात मॅकरिची जलाशयाच्या काठी पुरलं.

गडावरून खाली तलाव बघत बसले होते. गळ्यात सवयीने तीच दोरी! आणि एकदम ओशाळल्यासारखं झालं. त्या माणसाचं खोटं नाव बायको-मुलांना वाचवण्यासाठी होतं. माझी कव्हर स्टोरी नेमकं कुणाला वाचवत होती? बाबांना? छे. फक्त मला, तेही रात्री नऊच्या पाच मिनिटांपुरतं.

त्या रात्री फोन आला. ‘‘काय म्हणतंय ऑफिस?’’

‘‘बाबा, ऑफिस नाहीये. सात महिने झाले.’’

बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणाले, ‘‘आणि ते अप्रेझल?’’

‘‘खोटं होतं.’’

‘‘अगं, मी पेढे वाटले होते.’’

यावर काय बोलणार? मी गप्प. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘‘भाड्याचं कसं करतेस?’’ मी आकडे सांगितले. खरे. कुठल्या महिन्यात किती मानधन आलं, कुठलं अजून अडकलंय, सगळं. त्यांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले. फोन नाही. मी दोरी कपाटात टाकली, परत बाहेर काढली, पुन्हा टाकली.

नऊ वाजून चार मिनिटांनी वाजला.

‘‘काय लिहिलंस आज?’’