मागच्या सीटवरून तोरणमाळ

नवी मोटारसायकल घ्यायची म्हटली की घरात महिनाभर चर्चा झडते. इंजिन किती सीसीचं, ॲव्हरेज किती, सर्व्हिस सेंटर जवळ आहे का, विकायला काढली तर किंमत किती येईल. मग शोरूममध्ये चालवणारा सीटवर बसतो, हँडल फिरवतो, पाय टेकतात का ते बघतो, आणि बायको, आई किंवा बहीण बाजूला उभी राहून रंग सांगते. पुढची दहा वर्षं जिला त्या गाडीवर मागे बसायचंय, तिला मागे बसवून निदान दोन किलोमीटरची चक्कर मारून आणणारं गिऱ्हाईक क्वचितच दिसतं. मला हे फार चुकीचं वाटतं. माझा सगळा दुचाकीप्रवास मागच्या सीटवरून झालेला आहे, आणि रस्ता पाठीच्या मणक्यांना कसा कळतो हे मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणूनच नवऱ्याने निवृत्तीनंतर दोघांनी लांब फिरायला म्हणून गाडी घ्यायचं काढलं, तेव्हा मी एकच अट घातली. आधी दुसऱ्यांच्या गाड्यांवरून, सामान बांधून, घाटाच्या रस्त्याने कुठेतरी जाऊन यायचं, निवड त्यानंतर. त्याने मित्राकडून एक क्रूझर मागून आणली. धुळ्याच्या दिराकडे एक उंच, ॲडव्हेंचर जातीची गाडी होतीच. दीर आणि धाकटी जाऊ सोबत यायला तयार झाले, आणि वाटेत मागच्या सीटवरच्या दोघींनी अदलाबदल करायची असं ठरलं. जागा निवडली तोरणमाळ, कारण सातपुड्यातल्या त्या रस्त्यावर सपाटी, खड्डे आणि घाट हे तिन्ही पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या आत भेटतात.

नाशिक ते धुळे आग्रा रोडबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चौपदरी रस्त्यावर कुठलीही गाडी सुखाचीच वाटते.

सारंगखेड्याला मात्र थांबलो. दिवस डिसेंबरचे, दत्तजयंतीचे, आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार भरलेला. पंजाब-राजस्थानातून आलेले घोडे रांगेने बांधलेले, भोवती माणसांची दाटी. अलीकडे इथल्या उत्सवाला ‘चेतक फेस्टिव्हल’ म्हणतात. महाराणा प्रतापांच्या त्याच घोड्याचं नाव बजाजने १९७२ साली आपल्या स्कूटरला दिलं होतं, आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी बायका दुचाकीवर पहिल्यांदा मागे बसल्या त्या त्याच स्कूटरवर. बाजारात मी खूप वेळ रेंगाळले ते गिऱ्हाइकं बघत. घोडा पंचकल्याणी आहे का, खोडीचा तर नाही ना, हे आधी पाहायचं. पण सौदा ठरतो तो घोडा चालवून. रेवाल चालीचा घोडा इथे मोलाचा, कारण त्या चालीत वर बसलेल्याला हादरा बसत नाही. पाच-सात जण बघत उभे आहेत, मालक घोडा पळवतोय आणि सगळ्यांचे डोळे स्वाराच्या कंबरेवर खिळलेत, हे दृश्य मी पोटभर पाहिलं.

शहाद्यापर्यंत मी क्रूझरवर होते. सीट बुटकी, मऊ, चढायला सोपी, मागे टेकायला पाठही होती. ऊस, केळी आणि पपईच्या बागांमधून जाताना मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा की हीच घेऊ या. म्हसावदच्या पुढे रस्ता तुटायला लागला आणि सगळं बदललं. प्रत्येक खड्ड्याला मागून ‘धाड’ असा आवाज, आणि तो आवाज थेट माझ्या माकडहाडात. राणीपूर येईपर्यंत मी गप्प झाले होते, आणि मी गप्प झाले की नवरा गाडी थांबवतो.

रस्त्याकडेला पत्र्याची शेड, बाहेर टांगलेले जुने टायर, हवेची टाकी आणि चहाची टपरी. फिटर चाळिशीचा असावा, मूळचा म्हसावदकडचा. त्याने गाडीकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो अहिराणीत, “मांगे कोन बसस?” मी पुढे झाले. मग आमच्या सोयीसाठी तो मराठीत बोलू लागला.

“ताई, तुम्ही बसा. दादा, तुम्हीपण. सामान सोडू नका.”

त्याने सुतळी आणली. आधी गाडी रिकामी उभी करून सुतळीचं एक टोक मागच्या चाकाच्या नटावर धरलं, दुसरं वर सीटखालच्या पाइपापर्यंत नेलं आणि तिथे गाठ मारली. मग नवऱ्याला एकट्याला बसवलं, दुसरी गाठ. मग मला सामानासकट बसवलं, तिसरी गाठ. उतरल्यावर त्याने सुतळी माझ्यापुढे ताणून धरली. पहिल्या दोन गाठी शेजारीशेजारी होत्या आणि तिसरी तिथून पार खाली.

“दादा बसले तर गाडी एवढीशीच बसते. तुम्ही बसल्या की खालीच जाते. स्प्रिंग उभ्या गाडीतच दबून गेली, तर खड्ड्याला द्यायला काय राहिलं?”

पुस्तकातला नियम असा की स्वार आणि सामान धरून स्प्रिंगने आपल्या एकूण चालीचा साधारण तिसरा हिस्सा आधी खर्च करावा आणि बाकीचा रस्त्यासाठी ठेवावा. मोटारसायकलवर मागच्या माणसाचं वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर येतं. क्रूझर बुटकी हवी म्हणून तिच्या मागच्या शॉकअपची चाल मुळातच आखूड ठेवलेली असते. हे मी वाचलेलं होतं. पण एका सुतळीत ते इतकं स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं.

त्याने अर्धगोल पाना घेतला. शॉकअपच्या खालच्या कड्याला पायरीसारख्या खाचा असतात. पाना अडकवून त्याने कडं दोन खाचा पुढे फिरवलं; लगेच दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही मोजून दोनच. एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी झालं तर गाडी वळणावर वाकडी बसते, असं तो कामाच्या ओघातच सांगत होता. मग मागच्या चाकात हवा वाढवली. दोघांसाठी किती हवा हवी हे बहुतेक गाड्यांवर चेनकव्हरपाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेलं असतं. ती पट्टी त्याने बोटाने पुसून नवऱ्याला वाचायला लावली.

यानंतर त्याचं लक्ष बॅगेकडे गेलं. आम्ही ती कॅरिअरवर, अगदी मागच्या टोकाला बांधली होती. त्याने काही न बोलता गाडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी खाली दाबला. पुढचं चाक लगेच हलकं पडलं. “चढावर हँडल हलकं होईल आणि रात्री लाइट झाडावर पडेल,” तो म्हणाला. बॅगेतलं सामान दोन पिशव्यांत वाटून त्या माझ्या मांड्यांच्या खाली दोन्ही अंगांना बांधल्या, आणि वरती फक्त शाली ठेवल्या.

“आता उभ्या राहा,” मी परत मागे बसल्यावर त्याने मला सांगितलं.

मी खाली उतरायला लागले तर म्हणाला, “खाली नाही, फूटरेस्टवर. दादांना न धरता.”

दिराच्या उंच गाडीवर मला ते जमलं, कारण तिथे पाय कंबरेच्या जवळजवळ खाली येत होते. क्रूझरवर फूटरेस्ट पुढे आणि वर. नवऱ्याचे खांदे ओढल्याशिवाय बूड सीटवरून उचलेना. ही परीक्षा मी कुठल्याच गाडीच्या परीक्षणात वाचलेली नाही, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. मागच्याला खड्ड्याच्या क्षणी अर्धा इंच जरी उचलता आलं तरी धक्का गुडघे पितात. नाही आलं तर सगळा भार पाठीवर. त्यावर तो जे बोलला ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. “चालवणाऱ्याला खड्डा दिसतो, ताई. तो आधीच अंग चोरतो. मागच्याला दिसतच नाही.”

हे त्याला कुठून कळलं, असं मी विचारलं. त्याने रस्त्याकडे बोट दाखवलं. म्हसावदच्या बाजारातून पाड्यांकडे परतणाऱ्या पावरा कुटुंबांच्या गाड्या एकामागून एक जात होत्या. शंभर-एकशेदहा सीसीच्या साध्या गाड्या, लांब सपाट सीट, मागे घागरा सावरून एका अंगावर बसलेली बाई, कुणाच्या मांडीवर मूल. या गाड्या त्याच्याकडे दुरुस्तीला येतात आणि शॉकअप गळायला लागला की तक्रार घेऊन आधी बाईच येते, असं त्याने सांगितलं. शेवटी त्याने जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून माझ्या फूटरेस्टवर घट्ट गुंडाळले, म्हणजे इंजिनाची थरथर तळव्यांना लागू नये. चहाचे आणि कामाचे मिळून आम्ही दिले ते पैसे एका प्लेट भज्यांएवढे होते.

सात पायरीचा घाट मी दिराच्या मागे बसून चढले. एकावर एक रचलेल्या वळणांचा तो रस्ता वरून खाली पाहिला की नावाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. उंच गाडीवरून मला दिराच्या हेल्मेटच्या वरून पुढचं वळण दिसत होतं आणि त्यामुळे अंग आपोआप त्याच्याबरोबर झुकत होतं. चढाला माणूस मागे घसरतो, म्हणून मागे टेकायला काहीतरी हवंच. उताराला ब्रेक लागला की पुढे घसरतो, म्हणून सीट पुढे उतरती नको. या दोन्ही गोष्टी शोरूमच्या फरशीवर कळत नाहीत. उंच गाडीची अडचण वेगळीच होती. चढता-उतरताना पाय पिशव्यांवरून पलीकडे टाकायला मला दर वेळी दगड शोधावा लागला. जाऊ माझ्याहून बुटकी, तिचे तर हालच झाले. क्रूझर मात्र राणीपूरच्या सुतळीनंतर खूपच सुधारली होती. जाऊ तिच्यावरून हसत उतरली.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास. यशवंत तलावाच्या काठाने हिंडलो, सीताखाईच्या कड्याशी बसलो, गोरखनाथाच्या मंदिरात गेलो. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा मंदिरात एक पुजारी आणि एक कुत्रं होतं. थंडी कडक. मला महाबळेश्वरची गर्दी, घोडागाड्या आणि स्ट्रॉबेरीच्या पाट्या मुळीच आवडत नाहीत, म्हणून हा पठारावरचा मोकळेपणा मी डोळे भरून घेतला. जेवायला दादर ज्वारीच्या भाकरी, उडदाची डाळ आणि नंदुरबारच्या लाल मिरचीचा ठेचा. एवढं असल्यावर मला दुसरं काही लागत नाही.

रात्री शेकोटीपाशी गाड्यांची यादी निघाली. नवऱ्याच्या वहीत आकडे तयार होते. बजाज ॲव्हेंजर क्रूझची सीट ७३७ मिलिमीटर उंच, रॉयल एन्फिल्डच्या मीटिअर ३५० ची ७६५, क्लासिक ३५० ची ८०५, हिमालयन ४५० ची ८२५. मी त्याला विचारलं की यातला एक तरी आकडा माझ्या सीटचा आहे का. नव्हता. कंपन्या माहितीपत्रकात उंची छापतात ती चालवणाऱ्याच्या सीटची. मागच्या सीटची लांबी-रुंदी, सीट आणि फूटरेस्ट यांच्यातलं अंतर, यांचा तिथे पत्ता नसतो. जगातली गाडी पाहायची तर होंडाची गोल्डविंग टूर. १८३३ सीसी, सहा सिलिंडर, मागच्याला पाठ टेकता येईल अशी खुर्चीच, आणि वजन पावणेचारशे किलोच्या वर. ती राणीपूरच्या रस्त्याची नव्हे. आपल्याकडे बजाजने २०२१ मध्ये डॉमिनार ४०० ला कारखान्यातूनच उंच काच, कॅरिअर आणि मागच्याच्या पाठीला टेका दिला, हे मला त्या मानाने फार कामाचं वाटतं.

आपला कायदा तरी मागच्याची आठवण ठेवतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मोटारसायकलला मागच्यासाठी धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते त्यातूनच टिकलंय. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून घरी नेल्याबरोबर ते काढून टाकणारे तरुण मी पाहते तेव्हा मला राग येतो. ओढणी चाकात जायला एक क्षण पुरतो.

शेकोटी विझेपर्यंत क्रूझर आणि उंच ॲडव्हेंचर या दोन्ही जाती बाद झाल्या. उरल्या त्या मधल्या गाड्या. सरळ बसायचं, सीट ८०० मिलिमीटरच्या आसपास, सपाट आणि लांब, मागचे फूटरेस्ट खाली, स्प्रिंगच्या कड्याला खाचा. होंडाची हायनेस सीबी ३५० आणि डॉमिनार ही दोन नावं वहीत राहिली. दोन्हींवरून आम्ही दोघं, दोन्ही अंगांना पिशव्या बांधून, कसारा घाट चढून उतरून बघणार, आणि सुतळी मी बरोबर नेणार.

परतताना धुळ्यात आग्रा रोडला दिराच्या ओळखीच्या सीट बनवणाऱ्याकडे गेलो. त्याने क्रूझरच्या सीटमध्ये अंगठा रुतवला तो थेट खालच्या प्लास्टिकला टेकला. मऊ फोम पहिले दहा किलोमीटर छान वाटतो, मग दबून पाटा होतो. लांबच्या प्रवासाला फोम कडकच लागतो, आणि बूड टेकायला रुंदी, हे त्याने दोन प्रकारचे तुकडे माझ्या हातात देऊन पटवलं. नवी गाडी कुठलीही आली तरी कंपनीची सीट कापायची नाही, ती गुंडाळून माळ्यावर ठेवायची आणि सुटी दुसरी सीट आणून त्याच्याकडून भरून घ्यायची, असं ठरलं. माप त्याने तेव्हाच घेतलं, आधी माझं आणि मग नवऱ्याचं.