पायताणाचा हिशेब

२००४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एका दुकानात गादीच्या कडेला अंग चोरून बसलो होतो. दुकानभर कातड्याचा आणि तेलाचा वास. माझ्या हातात फुलस्केप कागदावर लिहिलेलं आयुष्यातलं पहिलं कोटेशन: वेबसाइट, आठ पानं, दर पानी ५०० रुपये, एकूण ४,००० रुपये, डोमेन आणि होस्टिंग वेगळं.

दुकानाचे मालक, आमचे काका, यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "नववं पान घातलं तर साडेचार हजार व्हय?"

"हो."

"आनि त्ये पान कोरंच ठिवलं तर?"

मला उत्तर सुचलं नाही. तेव्हा आम्ही सगळेच पानावर भाव लावत होतो. ही रीत छापखान्यातून आणि डीटीपीच्या टेबलावरून आली होती. पेंटर पाटी रंगवायचे चौरस फुटावर पैसे घेई, डीटीपीवाला पानावर घेई, तसेच आम्हीही. गिऱ्हाईकाला पान मोजता येत होतं आणि आम्हाला दुसरं काही मोजता येत नव्हतं.

काकांनी मागच्या फळीवरून कापशी चपलांचा एक जोड काढून माझ्या हातात दिला. "ह्यात कातडं कितीचं हाय, त्ये कुनालाबी कळतंय. पण ही वेणी घालाय बाईचा दीस जातोय, त्यो धराय लागतोय. आनि वर्साच्या आत पट्टा तुटला तर गिऱ्हाईक हितंच येनार. त्या दुरुस्तीचं पैसं मी आजच किमतीत धरल्यात. पायताण वजनावर न्हाई इकत, पोरा."

त्या जोडाचं वजन हाताला अजून आठवतं.

काम मिळालं आणि पुढच्या तीन दुपारी मी त्या दुकानात काढल्या. कॅमेरा रोलचा, छत्तीस फोटोंचा. एकेक फोटो जपून काढायचा, रोल स्टुडिओत धुवायला टाकायचा, प्रिंट आल्या की सायबर कॅफेत नेऊन स्कॅन करायच्या. घरचा मोडेम ५६ के चा. कागदोपत्री सेकंदाला सात किलोबाइट, प्रत्यक्षात त्याहून कमीच. म्हणून प्रत्येक फोटो तीस किलोबाइटच्या आत बसवायचा. कानवाली चपलेचा कान आणि वेणीची वीण तेवढ्यात नीट दिसावी म्हणून मी रात्र रात्र बसायचो. इंटरनेट चालू असलं की घरचा फोन अडकायचा आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, "झालं का रे?" मराठी अक्षरं समोरच्याच्या कॉम्प्युटरवर उमटतील याची खात्री नसायची. युनिकोड होतं, पण घरोघरी पोचलं नव्हतं. म्हणून दुकानाचं नाव आम्ही चित्र करून डकवलं. खाली भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारा काउंटर लावला. काकांना पानापेक्षा त्या आकड्याचं अप्रूप जास्त.

त्या तीन दुपारींमध्ये मला दुकान कळलं. मुंबईचं गिऱ्हाईक नरम तळ मागतं, गावाकडचं करकर वाजणारी मागतं. नवी चप्पल पहिले आठ दिवस चावते, हे आधी सांगितलं नाही तर माणूस परत येऊन भांडतो. हे सगळं वेबसाइटवर गेलं. आठाची अकरा पानं झाली, पण वाढीव पानांचे पैसे मी मागितले नाहीत.

लक्ष्मीपूजनानंतर काकांनी पाकीट दिलं. पाच हजार एक रुपये आणि सोबत माझ्या मापाचा जोड. करार नाही, पावती नाही. आठवड्यातून एकदा मी सायबर कॅफेत त्यांची मेल उघडायचो, चौकशा छापून घ्यायचो आणि कागद दुकानात नेऊन द्यायचो. मस्कतमधल्या एका मराठी माणसाची पहिली चौकशी आली, तेव्हा काकांनी तो कागद देवाच्या फोटोखाली ठेवला. या फेऱ्यांचे पैसे कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हते.

आज मागे पाहताना त्या दिवसांची ओढ वाटते, पण त्यातलं दुखणंही लपवत नाही. काकांनी दुरुस्तीचे पैसे आधी धरायला शिकवलं होतं. ते मी ऐकलं, पण अंगी बाणायला कितीतरी वर्षं गेली. पुढे एका व्यावसायिकासाठी ठरलेल्या रकमेत काम घेतलं. काय करायचं हे लिहून घेतलं नव्हतं. 'एवढं एक बदला' म्हणता म्हणता चार महिने गेले आणि शेवटचा हप्ता आलाच नाही. त्या वर्षी घरात किराण्याचा हिशेब लिहिताना बायकोच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. भाव कमी लावणं हा मोठेपणा नसतो, त्याची किंमत घरातलं कुणीतरी मोजत असतं.

आता कोटेशन पीडीएफमध्ये जातं. काय करणार आणि काय नाही, बदलाच्या किती फेऱ्या, किती दिवस, सगळं लिहिलेलं. निम्मी रक्कम आगाऊ. यूपीआयवर ती दोन मिनिटांत येते. आठ-आठ दिवस चेक वटायची वाट पाहिलेल्या माणसाला याचं मोल विचारा. वार्षिक देखभालीची एएमसी वेगळी. उलाढाल वीस लाखांवर गेल्यापासून बिलावर अठरा टक्के जीएसटी लावतो. पूर्वी वेबसाइटच्या सुरक्षेसाठी लागणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राला दरवर्षी पैसे मोजायचो, आता लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. नव्याने या कामात येणाऱ्या मुलांना मी आधी ही शिस्त लावून घ्यायला सांगतो.

पण पानावर भाव लावायची रीत गेली, तशी दुकानात जाऊन बसायची रीतही गेली. आता व्हॉट्सॲपवर एका ओळीचा निरोप येतो, 'वेबसाइटचा रेट काय?' तीच ओळ आणखी पाच जणांना गेलेली असते. पाच हजारांपासून दीड लाखापर्यंत उत्तरं येतात आणि कुणीच चुकीचा नसतो, कारण दुकान कुणीच पाहिलेलं नसतं. तयार थीम विकत मिळते, एआय दहा मिनिटांत पान उभं करतं. पान आज खरोखर जवळजवळ फुकट झालं आहे. म्हणजे काकांनी जे कातडं म्हटलं, तेवढंच स्वस्त झालं. वेणीचा दिवस आणि तुटलेला पट्टा होते तिथेच आहेत.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाने तशाच चपला दाखवल्या, इथे नाराजी उसळली आणि त्या कंपनीने या चपलांमागची भारतीय प्रेरणा मान्य केली. त्याच महिन्यात काकांच्या मुलाचा निरोप आला. "दादा, ऑनलाइन विक्री सुरू करायची आहे. रेट पाठवा." काका जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

रेट पाठवला नाही. "उद्या दुपारी दुकानात येतो," एवढंच लिहिलं.

गादी जाऊन काउंटर आला आहे, वास तोच. मी विचारलं, "बाहेरगावी पाठवलेल्या शंभर जोडांतले परत किती येतात?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "लई येतात, दादा. मापच जमत नाही." कोल्हापुरीचं माप बुटाच्या नंबरावर बसत नाही, पाऊल रुंद असेल तर एक नंबर बदलतो. परत येणाऱ्या प्रत्येक जोडावर जाण्यायेण्याचं कुरियर त्याच्याच अंगावर पडत होतं. पाऊल कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि त्याचा फोटो पाठवायचा, अशी सोय वेबसाइटवर करायचं तिथेच ठरलं. त्या एका दुपारीत कामाचे दिवस ठरले, आणि दिवसांवरून किंमत.

कोटेशनमध्ये पानांचा आकडा कुठेच नव्हता. पहिली ओळ होती, 'दुकानात बसून माहिती घेणे: ३ दिवस.' शेवटची होती, 'वर्षभराची दुरुस्ती: किमतीत धरली आहे.'

त्याने ती शेवटची ओळ वाचली, मान वर केली आणि म्हणाला, "हे आमच्या आबांचं बोलणं आहे."