उद्यमनगरातलं चार्जिंग आणि गच्चीवरचं ऊन

१९८७ साली टीव्हीवर रामायण सुरू झालं. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात वीज आली होती, पण रविवारी सकाळी ती असेलच याचा भरवसा नव्हता. मग ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून सोप्यात आणायची आणि टर्मिनलांना दोन चिमटे लावायचे. बारा व्होल्टवर चालणारा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही सुरू व्हायचा आणि अर्धी गल्ली सोप्यात दाटीवाटीनं बसायची. बॅटरी उतरली, की काका ती पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधायचे आणि कोल्हापूरला, उद्यमनगरात चार्जिंगला टाकायचे. वाटेत ॲसिड हिंदकळलं, की पोत्याला भोकं पडायची, काकांच्या पायजम्यालाही.

त्या दुकानात घशाला लागणारा आंबूस वास असायचा. बाकावर बॅटऱ्या तारांनी ओळीनं जोडलेल्या, सगळ्यांची बुचं काढलेली. मिस्त्री काचेची नळी एकेका घरात बुडवून वरचा रबरी फुगा दाबून सोडायचे. ॲसिड नळीत चढायचं आणि आतला काटा तरंगायला लागायचा. बॅटरी उतरते तसं ॲसिड पातळ होतं, भरते तसं पुन्हा दाट होतं. काटा तेच सांगायचा. बाराशे पन्नास असेल तर ‘राहू दे अजून’, बाराशे ऐंशी झाले की ‘न्या’. बुडबुडे जोरात यायला लागले, की मिस्त्री करंट कमी करायचे. कुणी घाई केलेली त्यांना खपायची नाही. एखाद्या घरात काटा वर यायचाच नाही. ‘सेल बसला,’ मिस्त्री म्हणायचे आणि काकांचा चेहरा उतरायचा.

पुढं भारनियमनाची वर्षं आली, घरोघर इन्व्हर्टर आले. बॅटरी कोपऱ्यात बसून लाईटवरच भरू लागली, आपल्याकडं फक्त डिस्टिल वॉटर घालायचं काम राहिलं.

आता आमच्या गच्चीवर पॅनेलं आहेत. दिवसा घर त्यावर चालतं आणि उरलेली वीज बॅटरीत जाते. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसवलेला कंट्रोलर मिस्त्रींचंच काम करतो, हे समजलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ॲसिडची बारा व्होल्टची बॅटरी असेल, तर आधी पेलेल तेवढा करंट द्यायचा. व्होल्टेज साधारण १४.४ वर पोचलं की तिथंच धरायचं आणि करंट उतरू द्यायचा; भरली की साडेतेराच्या आसपास ठेवायचं. शेवटचा हिस्सा भरायलाच फार वेळ लागतो. पावसाळ्यात तेवढं ऊन मिळत नाही, बॅटरी रोज अर्धवट राहते, प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि ती अकाली जाते.

आमची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. ती जवळजवळ शेवटपर्यंत भरभर करंट घेते, रोज पूर्ण भरलीच पाहिजे असंही नाही. सोळा सेल ओळीनं जोडलेले. एकही सेल ३.६५ व्होल्टच्या वर जाऊ नये यावर आतलं सर्किट लक्ष ठेवतं. पण हिचं व्होल्टेज बराच वेळ एकाच पातळीवर राहतं, त्यावरून किती भरली ते कळत नाही. आत किती गेलं, बाहेर किती आलं, याचा हिशेब ठेवावा लागतो. तो मोबाईलवर दिसतो. ॲसिड नाही, वास नाही, सायकलवरची ओढाताण नाही. हे सुख मोठंच आहे. तरी बूच उघडून एकेका घराची तब्येत सांगणारा माणूस मला आठवतो. आताची पेटी सीलबंद असते.

२०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागलं आणि गावोगावच्या गच्च्यांवर पॅनेलं चढली. त्यातल्या पुष्कळ घरांत बॅटरी नसते. लाईट गेली की अशी यंत्रणा भर उन्हातही बंद पडते, आणि ती पडायलाच हवी. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला गच्चीवरच्या विजेचा धक्का बसेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी वस्तीत शिरलं, तेव्हा कित्येक भागांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. म्हणून कोल्हापुरात बॅटरी हवी, आणि ती तळमजल्यावर नको, असं माझं ठाम मत आहे. आमची माडीवर बसवली आहे. जुलै-ऑगस्टात ती निम्म्याखाली उतरू द्यायची नाही असं सेटिंग केलंय आणि ढगाळ दिवशी कमी पडेल तेवढी लाईटवरून भरून घेतो, लाईट आहे तोवर.