मोजदाद

मंगळवार, २२ एप्रिल २०२५
दुपारी बाराला इंटरचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला. बोर्डाचे विद्याभवन इथेच हैदराबादेत, नामपल्लीत, तरी निकाल पाहिला मोबाइलवरच. भाचीला एमपीसीत (गणित, भौतिक, रसायन) उत्तम गुण आहेत. संध्याकाळपर्यंत तिच्या आईला, आमच्या धाकट्या ताईला, फोनवर फोन. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ब्रँच कोणती घेणार?" पोरीला काय आवडते, हे कुणी विचारले नाही. मीही नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल
सकाळी भाचीला बाग-ए-आम या बागेत फिरायला नेले आणि विचारले. म्हणाली, "मामा, कोडिंग जमतं, पण मन रमत नाही. मागच्या उन्हाळ्यात टँकरची वही ठेवली होती ना मी? कुठल्या गल्लीत किती दिवसांनी पाणी येतं, ते काढायला फार आवडलं." बोलताना तिचे डोळे चमकत होते. मी म्हटले, "अगं, यालाच संख्याशास्त्र म्हणतात. बी.एस्सी.ला घेता येतं." ती गप्प झाली. "आई रडेल."

वीस वर्षांपूर्वी माझा मुलगा इतिहास घ्यायचा म्हणत होता. मी त्याचा इंजिनिअरिंगचा अर्ज भरला. दुसऱ्या वर्षी तो शिक्षण सोडून घरी आला. ती चूक माझी होती.

रविवार, २७ एप्रिल
भाचीला घेऊन नुमाइशच्या, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनाच्या, मैदानात गेलो. जानेवारीत पाय ठेवायला जागा नसते तिथे आज नुसते ऊन. तिला सांगितले, १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांना हैदराबाद संस्थानाची आर्थिक पाहणी करायची होती. त्यासाठी पैसा उभा करायला त्यांनी बाग-ए-आममध्ये प्रदर्शन भरवले. म्हणजे ही नुमाइश मोजदादीच्या गरजेतून जन्मली. आज तिच्या उत्पन्नावर कॉलेजे चालतात. याच मैदानात मुलींचे पॉलिटेक्निक आहे. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांचेही सांगितले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस पिकांच्या नमुना पाहणीत नावाजला आणि पुढे रोमला एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, सांख्यिकी विभागाचा प्रमुख झाला.

शनिवार, ३ मे
आज तिने ईएपीसेट, इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, दिली. आग्रह माझाच होता. आपल्या हाताने दार लावून घेऊ नये. रात्री ताई म्हणाली, "दादा, शिवणाच्या मशीनवर वाढवलंय तिला. बी.एस्सी.वर पोट भरेल?" तिची भीती खरी आहे. नुसत्या उपदेशाने ती जायची नाही.

रविवार, ११ मे
सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेल्या स्नेह्यांकडे मायलेकींना नेले. त्यांनी काही लपवले नाही. नुसत्या बी.एस्सी.वर थांबू नये, एम.एस्सी. करावी, कॉम्प्युटर शिकावाच लागेल. मग भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा आहे, विमा आहे, बँका आहेत. औषधांच्या चाचण्यांनाही ही माणसे लागतात. ताईने फी विचारली, वर्षे विचारली, पगार विचारला. तिने असे विचारत राहावे, एवढीच माझी इच्छा होती.

गुरुवार, १५ मे
दोस्त या पदवी प्रवेशाच्या पोर्टलवर भाचीचा अर्ज भरला. नोंदणीचे दोनशे रुपये ताईने दिले. पहिल्या पसंतीला संख्याशास्त्र. इंजिनिअरिंगचे काउन्सेलिंग व्हायचे आहे, तोवर विचार करायला वेळ आहे. निर्णय तिचा.

जेवणानंतर ताईने टँकरची वही मागून घेतली. आपल्या गल्लीचे पान काढून ती बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवत होती.