न दिसणारें दृश्य

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत मी मिरजेस मामांकडे गेलों होतों. मामांचें किराणा मालाचें दुकान आहे. दुकानांत चार कॅमेरे असून त्यांचें चित्रण सांठविणारा रेकॉर्डर माळ्यावर एका कुलुपबंद लोखंडी पेटींत ठेवलेला आहे. ज्या गृहस्थानें तो बसविला, तो पेटीची किल्ली घेऊन गेला तो पुन्हां फिरकलाच नाहीं. रेकॉर्डरला टीव्ही जोडून चित्रण पाहण्याचा सोपा मार्ग त्यामुळें आम्हांस बंद होता. कुलूप फोडावें असें मीं सुचविलें, पण धक्का लागून चालू यंत्र बिघडेल या भीतीनें मामांनीं तें मानलें नाहीं. राहिला मार्ग संगणकाचा.

मी पोंचलों त्या दिवशीं घरांत सणाची कळा नव्हती. घाऊक व्यापाऱ्यास द्यावयाचे अठरा हजार रुपये एका पाकिटांत होते, आणि तें पाकीट नाहींसें झालेलें आदल्या दिवशींच उघडकीस आलें होतें. मामांनीं तें शेवटचें हाताळलें त्याला नऊ दिवस लोटले होते. दुकानांत कामाला असलेला मुलगा माझ्याहून दोनच वर्षांनीं मोठा. मामांनीं त्याला “उद्यांपासून येऊं नकोस” एवढेंच सांगितलें होतें. पण एवढ्या शब्दांचा अर्थ सगळ्या गल्लीस कळला. त्याची आई दुसऱ्या दिवशीं सकाळींच येऊन पायरीवर बसली. “पोरानं एक रुपाया जरी घेतला असंल, तर माझ्या हातानं त्याला चौकीवर नेईन. पर आधी दाखवा,” एवढेंच ती म्हणाली.

दाखविणें मात्र सोपें नव्हतें. रेकॉर्डरचा पत्ता ब्राउझरमध्यें घालतांच त्याचें पान उघडलें, परवलीचा शब्द मामांच्या वहींत होता, तोही चालला. पण चित्राच्या जागीं एक काळा चौकोन आणि त्यावर सूचना: प्लग-इन बसवा. मीं तें उतरवून बसविलें, पान पुन्हां उघडलें, आणि तीच सूचना पुढें उभी! तीन वेळां बसविलें, दुसऱ्या ब्राउझरमध्यें पाहिलें. चौकोन काळा तो काळाच. सेटिंगचें पान मात्र दिसत होतें, आणि त्यावरून जो हिशेब निघाला त्यानें माझी झोप उडाली. चार कॅमेरे मिळून सेकंदास सुमारें एक मेगाबाइट, म्हणजे दिवसास सुमारें ८६ गिगाबाइट. डिस्क एक टेराबाइटची. ती साडेअकरा दिवसांत भरते, आणि मग यंत्र सर्वांत जुनें चित्रण पुसून त्याच जागीं नवें लिहूं लागतें. आमच्या हातीं अडीच दिवसही नव्हते.

रात्रीं वाचतां वाचतां कारण उमगलें. एके काळीं ब्राउझरला अशा यंत्रांचें चालतें चित्र स्वतः दाखवितां येत नसे. त्या कामासाठीं तो एक परका मदतनीस घरांत घेई, तोच प्लग-इन. परंतु या मदतनिसास संगणकांत नको तितकी मोकळीक असे, आणि त्याच्या आडून चोरही आंत शिरत. म्हणून क्रोमनें २०१५ सालीं आणि फायरफॉक्सनें २०१७ सालीं त्या जुन्या धर्तीच्या प्लग-इनांस दार बंद केलें. इंटरनेट एक्सप्लोरर तेवढा त्यांना थारा देत होता. त्याचा कारभारही १५ जून २०२२ रोजीं आटोपला. चोरांवर नजर ठेवणारें यंत्र, आणि त्याची स्वतःची खिडकीच चोरांना सोयीची, ही मौज मला त्या स्थितींतही वाटली! मामांचा रेकॉर्डर २०१३ सालचा. तो ज्याला हांक मारीत होता तो आतां घरींच नव्हता.

तरी एक वाट उरली होती. एज या ब्राउझरांत ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ नांवाची सोय आहे. सेटिंगमध्यें तिला परवानगी दिली, ब्राउझर बंद करून पुन्हां उघडला आणि तें पान त्या मोडमध्यें लावलें. चौकोन अजून काळाच! मग रेकॉर्डरचा तेवढा एकच पत्ता विश्वासू स्थळांच्या यादींत घातला. सगळ्याच संरक्षणाची कडी काढण्याचा मोह झाला होता, तो आवरला. शेवटीं सर्व खिडक्या मिटून प्लग-इन ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानें नव्यानें बसविलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्या काळोखांतून एकदम मामांचें दुकान उजळलें. आजी पदरानें डोळे पुसूं लागली. मला वाटतें, ती थोडी लवकरच रडली.

कारण मामांनीं सांगितलेली वेळ रात्रीं साडेआठची, आणि त्या वेळच्या चित्रांत दुकान बंद होऊन अंधार पडलेला! “पुसलं गेलं वाटतं,” मामा म्हणाले. माझेंही मन खचलें. इतक्यांत चालू चित्रावरील घड्याळाकडे माझें लक्ष गेलें. भिंतीवर बारा वाजले होते आणि पडद्यावर अकरा वाजून पांच मिनिटें. यंत्राचें घड्याळ पंचावन्न मिनिटें मागें होतें. आम्ही सातच्या पुढें शोधूं लागलों.

सात पस्तिसास मामा नोटा मोजतांना दिसले. त्यांनीं पाकीट बंद केलें. तेवढ्यांत कोणी गिऱ्हाईक आलें. मामांनीं पाकीट समोरच्या उधारीच्या वहींत घातलें, वही मिटली आणि ते कापूर काढण्यास उठले. तो मुलगा पुढें केर काढून, मामांस कांहींसें बोलून निघून गेला. वहीकडे त्यानें पाहिलेंही नाहीं. ती वही त्याच आठवड्यांत संपली होती, आणि जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यांत बांधून कपाटांत गेली होती. गठ्ठा सोडला; पाकीट तेथेंच होतें.

मामा बराच वेळ बोलले नाहींत. संध्याकाळीं ते त्या मुलाच्या घरीं गेले. मी बरोबर होतों. त्याच्या आईनें आम्हांस बसावयास चटई घातली, चहा केला. मुलगा आंतून बाहेर आला नाहीं. भाऊबीज झाल्यावर तो कामावर येऊं लागला, पण मामांशीं पूर्वीसारखा बोलत नाहीं, असें मामी फोनवर सांगते.

निघण्यापूर्वीं मीं रेकॉर्डरचें घड्याळ नीट लावलें. ब्राउझरमधील ती परवानगी तीस दिवसच टिकते. ती पुन्हां कशी द्यावयाची तें मामांस एका कागदावर लिहून दिलें. तो कागद त्यांनीं नव्या वहींत ठेवला.