वीणा खाली न ठेवता

साहित्याच्या अभ्यासकांना ‘पाठ’ हा शब्द दोन अर्थांनी परिचित आहे. मुखोद्गत केलेला मजकूर हा पहिला अर्थ. आणि एखाद्या ग्रंथाची, एखाद्या पोथीत आढळणारी विशिष्ट शब्दरचना हा दुसरा. पहिल्या अर्थामागे काहीतरी जसेच्या तसे टिकवून धरण्याची इच्छा आहे, तर दुसऱ्यामागे ते जसेच्या तसे टिकत नाही याची जाणीव आहे. कारण पाठ म्हटला की पाठभेद आलाच. वर्गात पाठचिकित्सा शिकवताना या दोन अर्थांतला ताण मी वर्षानुवर्षे सांगत आलो. तो ताण प्रत्यक्ष कसा दिसतो, हे मात्र मला एका साखर कारखान्यातल्या सर्व्हरने दाखवले. साहित्याशी सुतराम संबंध नसलेला हा विषय या पानांवर आणल्याबद्दल वाचक मला क्षमा करतील अशी आशा आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले श्रीपूर हे साखरेभोवती वाढलेले गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला. जवळच माळीनगर आहे, पलीकडे अकलूज आहे. नीरेच्या पाण्याने या दुष्काळी मुलखाचा काही भाग उसाचा झाला. याच मुलखातून दर आषाढात तुकोबांची पालखी जाते. अकलूजनंतर माळीनगरला उभे रिंगण होते आणि श्रीपूरच्या शेजारच्या बोरगावी मुक्काम पडतो. ऊस आणि अभंग या दोन्ही गोष्टी येथल्या माणसाला वेगवेगळ्या काढून दाखवता येत नाहीत. माझे बालपण याच पंचक्रोशीतले. वडील ऊस घालत. वजनाच्या पावत्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी तारेच्या आकड्यात ओवून ठेवत. आणि वर पुन्हा तेच आकडे एका वहीत उतरवून काढत. एकच आकडा दोनदा का लिहायचा, असे मी लहानपणी विचारले की ते म्हणत, “कागुद हाय बाबा, कागदाला पान्याचं भ्या.”

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, ऐन गळीत हंगामात, या परिसरातल्या एका कारखान्याच्या संगणक विभागात जाण्याचा योग आला. तेथे माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. मराठी घेऊन बी.ए. झालेला हा मुलगा पुढे संगणकाकडे वळला. मी गेलो तेव्हा तो गडबडीत होता. “सर, पाच मिनिटं बसा. एका डिस्कचा दिवा केशरी झालाय,” एवढे बोलून तो आतल्या खोलीत गेला, मीही मागोमाग गेलो.

बाहेर मळीचा गोडसर उग्र वास आणि टायरगाड्यांची रांग; आत काचेच्या दारामागे थंड हवा आणि पंख्यांचा सततचा घूं असा आवाज. लोखंडी रॅकमध्ये एकावर एक बसवलेली यंत्रे होती. त्यांपैकी एकाच्या दर्शनी बाजूस चार खण, प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क, आणि प्रत्येकीवर एक बारीक दिवा. तीन हिरवे, एक केशरी. याच यंत्रात त्या हंगामातल्या सगळ्या उसाचे वजन साठत होते. चिटबॉयने शेतावर नोंदवलेली ऊसतोड, काट्यावरचे भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन, ट्रॅक्टरचा क्रमांक, शेतकऱ्याचे खाते असा सारा व्यवहार येथे येऊन पडतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. ते कोणाला किती द्यायचे हे या नोंदीवरून ठरते. आणि हे यंत्र बंद ठेवून दुरुस्त करण्याची सोय हंगामात नसते. तोडलेला ऊस थांबला की सुकतो, त्याचे वजन घटते, त्यातली साखर घटते. काटा तासभर थांबला तर रांगेतल्या प्रत्येक गाडीत कोणाच्या तरी घामाचे थोडेसे पाणी होऊन उडून जाते.

म्हणून ही डिस्क यंत्र चालू असतानाच बदलायची होती. माझ्या विद्यार्थ्याने प्रथम आदल्या रात्रीची स्वतंत्र प्रत नीट उतरली आहे की नाही ते पाहिले. तिच्यातली एक फाइल उघडूनही बघितली. मग पडद्यावरून आज्ञा देऊन बिघडलेल्या डिस्कचा दिवा लुकलुकता केला आणि तिचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. “सगळ्यात मोठी भीती हीच असते सर, घाईत शेजारची चांगली डिस्क ओढली जाते,” तो म्हणाला. नंतर खटका दाबून त्याने डिस्क इंचभर पुढे ओढली आणि तशीच सोडली. आतल्या तबकड्या मिनिटाला हजारो वेळा फिरत असतात. त्या थांबेपर्यंत तिला हलवायचे नसते. अर्ध्या मिनिटाने ती बाहेर आली. तेवढ्याच क्षमतेची, चार टेराबाइटची, नवी डिस्क त्याच ट्रेमध्ये चार स्क्रूंनी बसवून त्याने ती खणात सरकवली. खट् असा आवाज झाला. पंख्यांचा सूर बदलला नाही. बाहेर काट्यावर कोणालाही काही कळले नाही.

हे शक्य होते याची दोन कारणे आहेत. एक अगदी साधे, लोहारकामासारखे आहे: जोडणीतल्या सगळ्या पट्ट्या सारख्या लांबीच्या नसतात. भूसंपर्काच्या पट्ट्या किंचित पुढे असतात, त्या आधी टेकतात. बाकीचे संपर्क त्यांच्या मागून होतात. त्यामुळे चालू प्रवाहात हात घातला तरी धक्का बसत नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एक निबंध सादर केला. एका मोठ्या महागड्या डिस्कवर विसंबण्यापेक्षा पुष्कळशा लहान, स्वस्त डिस्कांचा समूह करावा आणि त्यांत थोडी जादा माहिती अशी पेरावी की एक गेली तरी तिचा मजकूर इतरांवरून काढता यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. या रचनेला ‘रेड’ म्हणतात. तिच्या नावातल्या एका आद्याक्षराचा अर्थ आधी ‘स्वस्त’ असा होता, पुढे तो ‘स्वतंत्र’ असा रूढ झाला.

त्यातले गणित वाचकांनी असे समजावे. तीन डिस्कांवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज २० लिहून ठेवली. आता ४ हा आकडा असलेली डिस्क गेली, तरी २० मधून ७ आणि ९ वजा केले की तो परत मिळतो. यंत्रात बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब असतो, आणि तो एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सगळ्यांवर विखुरलेला असतो. म्हणजे कोणत्याही एका डिस्कजवळ संपूर्ण मजकूर नाही, आणि कोणतीही एक अपरिहार्य नाही. नव्या डिस्कवर जुनीचा मजकूर असा इतर तिघींकडून विचारून विचारून लिहिला जातो. त्या दिवशी या कामाला सुमारे नऊ तास लागले.

हे ऐकताना मला छंदःशास्त्र आठवले. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असते. ऐकणाऱ्याचा एक शब्द निसटला तर जागा किती अक्षरांची आहे हे छंद सांगतो, शेवट कसा आहे हे यमक सांगते. यमक हा अलंकार खराच. पण ज्या समाजाचे ग्रंथालय त्याच्या कंठात होते, त्याच्यासाठी ती विस्मरणाविरुद्धची तरतूदही होती. अर्थाला आवश्यक नसलेली ही जादा माहिती ओळीत पेरलेली असते आणि ओळ तुटली की कामाला येते. फरक एवढाच की डिस्कच्या गणिताला एकच उत्तर असते. यमकाच्या जागी मात्र दोन-तीन शब्द तितकेच चपखल बसतात, आणि तेथे पाठभेद जन्मतो.

मराठी गद्याच्या आरंभीच हा अनुभव नोंदलेला आहे. म्हाइंभटाने ठिकठिकाणी हिंडून चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ती मूळ पोथी खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि पुढे अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला, असे महानुभाव परंपरा सांगते. आज त्याच्या वेगवेगळ्या पाठपरंपरा दिसतात त्या यामुळे. तुकोबांच्या बाबतीतही इंद्रायणीत बुडालेल्या वह्यांची कथा आपण भक्तिभावाने सांगतो. तिच्याच शेजारी संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवलेल्या वह्या आणि वारीच्या वाटेवर गाणारे हजारो कंठ हेही ठेवले पाहिजेत. नदीने काय परत दिले हा श्रद्धेचा विषय आहे. माणसांनी काय सांभाळले, हे तर आपल्यासमोरच आहे.

येथपर्यंत हे साम्य सुखावह आहे. पण तेथेच थांबलो तर ती फसवणूक होईल. “सर, ही रचना म्हणजे राखीव प्रत नव्हे,” असे माझ्या विद्यार्थ्याने दोनदा बजावले. कोणी चुकून नोंद पुसली, तर ती चारही डिस्कांवरून त्याच क्षणी, तितक्याच निष्ठेने पुसली जाते. खोलीला आग लागली तर चारही जातात. आणि सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे पुनर्रचनेचे ते नऊ तास: उरलेल्या तिघी बहुधा एकाच वयाच्या, एकाच वेळी घेतलेल्या, त्यांना कोपऱ्यान् कोपरा वाचून द्यावा लागतो, आणि तेवढ्यात दुसरी गेली तर या रचनेत सगळेच गेले. हरवलेले भरून काढताना उरलेल्यांवर सर्वाधिक भार येतो, हे ज्या घरात शेवटची ओव्या जाणणारी आजी आहे, त्या घरातल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

म्हणून समूहाखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे अंतर. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस झाली. तिथेच १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती मात्र तोवर देशोदेशींच्या ग्रंथालयांत पोचलेली होती. एका खोलीवरचा घाव तिला पुसू शकत नव्हता. ज्या पोथीची दुसरी प्रत कोठेच नसते, तिला हे संरक्षण नसते. दुसरी गोष्ट म्हणजे विवेक. डिस्क जे मिळेल ते सांभाळते. चुकीचे वजनही तितक्याच काळजीने सांभाळते. काटा बरोबर होता की नाही, हे तिला ठाऊक नसते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा प्रती उपलब्ध नव्हत्या असे नाही. होत्या, आणि त्यांच्यात अशुद्ध पाठ शिरले होते. पुढे कोणी पदरची ओवी घालू नये, असे त्यांना बजावावे लागले. नक्कल करणाऱ्यांच्या साखळीत अधूनमधून असा वाचणारा माणूस लागतो. वडिलांची ती वही मला या संदर्भात आज निराळी दिसते. कारखान्याजवळ नोंद होतीच. तरीही आपली नोंद आपल्या घरी, आपल्या हाताने ठेवायची, हा त्यांचा हट्ट होता. पाण्याचे भय त्यांनी मला सांगितले. दुसरे भय, दोन नोंदी ताडून पाहता आल्या पाहिजेत हे, त्यांनी कधी सांगितले नाही. मला वाटते, ते अधिक खरे होते.

विद्यार्थी मित्रांना मी हल्ली पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला या चार डिस्कांविषयी सांगतो. ते हसतात, मग ऐकतात. एकदा एका मुलीने विचारले, “पण सर, दिवा केशरी झालाय हे कोणी बघितलंच नाही तर?” प्रश्न मार्मिक होता. एक डिस्क गेली तरी यंत्र काही बोभाटा न करता चालूच राहते. हीच त्याची थोरवी, आणि हाच त्याचा धोकाही. सगळे सुरळीत दिसत असते, आणि आधार मात्र एकाने कमी झालेला असतो. बोली, ओव्या, गावोगावची हस्तलिखिते यांच्या बाबतीत आपण नेमके अशा अवस्थेत किती काळ आहोत, याचा विचार भाषा शिकवणाऱ्यांनी करावा.

आमच्या भागात अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा पहाऱ्यांची यादी देवळाच्या भिंतीवर लावलेली असते. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, असा नियम. रात्री तीनच्या पहाऱ्याचा माणूस दोनलाच उठून, अंघोळ करून, थंडीत कुडकुडत देवळात येतो. आधीचा उभाच असतो. दोघे एकमेकांच्या पाया पडतात. वीणा एकाच्या गळ्यातून निघून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. क्षणभर दोघांचेही हात तिच्यावर असतात. नाम चालूच राहते. गावाला त्या वेळी झोप लागलेली असते, आणि सकाळी उठल्यावर त्याला फक्त एवढेच ऐकू येते की ते थांबलेले नाही.