बिनदातांचा जबडा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा आम्ही भावंडांनी अमरावतीत दिल्या. वस्तुचित्राला समोर बादली, तांब्या, दोन कांदे असायचे. ते काढायला घरात कुणाची हरकत नव्हती. माणसाचा चेहरा काढला की मात्र दादी वही उलटी करून ठेवायची. ‘जानदार की तस्वीर’ तिला चालत नसे आणि आम्ही तिच्याशी वाद घालत नसू.

पेच पडला तो बहीण अकोल्याला डॉक्टरी शिकायला गेली तेव्हा. पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र, म्हणजे उर्दूतलं इल्मे-तशरीह. सुट्टीत ती सीनियरकडून घेतलेला हाडांचा संच घेऊन घरी आली. आम्ही पेन्सिली काढल्या. दादीनं विचारलं, ‘‘ये किसकी हड्डी है?’’

‘‘मालूम नहीं, दादी.’’

‘‘किसी की तो होगी ना!’’

हाड जानदार नाही, तेव्हा तस्वीरचा प्रश्न मिटला. पण मय्यतीच्या हुरमतीचा उरलाच. मेलेल्याचं हाड मोडणं हे जिवंत माणसाचं हाड मोडण्यासारखंच, या अर्थाची हदीस घरात सगळ्यांना ठाऊक. दोन दिवस ती काही बोलली नाही. मग तिनं धुतलेली पांढरी ओढणी दिली. काम झालं की हाडं तिच्यात गुंडाळायची, जमिनीवर ठेवायची नाहीत, एवढी अट.

खिडकीशी स्टूल ठेवून, एकाच बाजूनं उजेड घेऊन आम्ही बसायचो. आधी एच.बी.नं फिकट बाह्यरेषा, हात लांब करून पेन्सिलीवर माप, मग टू-बी, सगळ्यात गडद खाचेत सिक्स-बी. बोटानं घासून छाया करायची नाही. पुस्तकातल्या मांडीच्या हाडावर मागची खडबडीत धार स्वच्छ रेघेसारखी दिसते. हातातल्या हाडावर ती कुठं रुंद, कुठं पुसट, मध्येच रक्तवाहिनीचं बारीक भोक. पुस्तकावरून काढलेलं चित्र सगळ्यांचं सारखं येतं. हाडावरून काढलेलं त्या एकाच माणसाचं.

हे कळलं ते खालच्या जबड्यानं. संचातल्या जबड्याला दातच नव्हते. दातांच्या खाचा भरून गेलेल्या, वरची कड झिजून खाली आलेली. हनुवटीच्या बाजूचं छिद्र तरुण जबड्यात साधारण मधोमध असतं. इथं ते वरच्या कडेला टेकलं होतं. कोनही पसरट झालेला. बहीण म्हणाली, दात पडून बराच काळ गेलेला, माणूस बहुतेक म्हातारा असणार. पुरुष की बाई, ते काही आम्हाला ठरवता आलं नाही. दादी शेजारी बसून पान कुटत होती, तिच्याही तोंडात दात नव्हते. आम्ही कुणीच वर पाहिलं नाही.

‘किसकी हड्डी’ला अर्धंमुर्धं उत्तर कायद्यात आहे. 1949 च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमानं बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची सोय केली. 1985 पर्यंत भारतातून मानवी हाडं परदेशी जात, त्या साली निर्यात बंद झाली. म्हणजे ज्याच्या जनाज्याला किंवा तिरडीला खांदा मिळाला नाही, बहुधा त्याच्यावरच डॉक्टर शिकतात. इंग्लंडातही निराळं नव्हतं. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ (1858) या जगप्रसिद्ध ग्रंथाची चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टरनं प्रत्यक्ष विच्छेदन पाहून काढली, तीही 1832 च्या कायद्यानं मिळालेल्या गोरगरिबांच्या देहांवरून. मुखपृष्ठावर नाव ग्रेचं चाललं. कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. आपल्या मराठी वाचकांना हे फारसं कुणी सांगत नाही.

तशरीहची चित्रं आपल्या परंपरेत नव्हती असंही नाही. चौदाव्या शतकात शिराजच्या मन्सूर इब्न इल्यासनं फारसीत सचित्र ग्रंथ लिहिला. त्यातल्या आकृत्या मात्र नकाशासारख्या, समोर देह ठेवून काढलेल्या वाटत नाहीत. काढणाऱ्याची भीड म्हणावी की त्या काळाची रीत, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

बहीण आता शिकवते. विद्यार्थी म्हणतात, मोबाइलवर कवटी हवी तशी फिरवून दिसते, मग कागद कशाला? ती त्यांच्यासमोर दोन जबडे ठेवते, एक तरुण, एक म्हातारा, आणि फरक काढायला सांगते. बहुतेकांचा पहिला कागद वायाच जातो.